पथ्याचें ताट

आमच्या थोरल्या काकांना मधुमेह असल्याचें निदान झालें, त्या दिवशीं संध्याकाळीं घरांतील वडीलधारी मंडळी माजघरांत जमली आणि एकमतानें असें ठरलें कीं, उद्यांपासून काकांचें ताट निराळें वाढावयाचें. ही गोष्ट सुमारें बारा वर्षांपूर्वींची. काका त्या वेळीं ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. त्यांना आंत बोलावून त्यांचें मत विचारावें असें आम्हां कोणालाहि सुचलें नाहीं. आजार त्यांचा, पण पथ्याचा कारभार सर्व घराचा, अशी वांटणी त्या एका संध्याकाळींच होऊन गेली. आणि पुढील दोन वर्षें आम्हीं सर्वांनीं मिळून त्या गृहस्थांचा जो प्रेमळ छळ केला, त्याची हकीकत सांगावी म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. आमच्या घरांत काकांवर सर्वांचा जीव आहे, आणि जें केलें तें त्यांच्या काळजीपोटींच केलें. म्हणूनच तें सांगण्यासारखें आहे. निष्काळजी घरांत मधुमेह्याचे हाल होतात हें कोणीहि समजूं शकेल. काळजी घेणाऱ्या घरांत ते कसे होतात, हें मात्र त्या घरांत राहिल्यावांचून कळत नाहीं.

तें निराळें ताट म्हणजे काय? ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, मुगाचें पातळ वरण आणि ताक. अन्न वाईट नव्हतें. परंतु आमचें जेवण पाहून काकांना वाईट वाटूं नये, म्हणून त्यांना साडेसातलाच वाढून मोकळें करण्यांत येई आणि आम्ही सर्व मागाहून बसत असूं. ज्या माणसानें चाळीस वर्षें पंगतीच्या अग्रभागीं बसून 'अरे, त्याला तूप वाढा, हिला भाजी घाला' असा सर्वांचा समाचार घेतला, तो आतां एकटाच, भिंतीकडे तोंड करून, दहा मिनिटांत जेवून उठूं लागला. आम्हांला वाटे, काकांनीं पथ्य किती शहाणपणानें पत्करलें आहे!

रक्तांतील साखर मोजण्याचें लहान यंत्र घरीं आणलें होतें. तें चालविण्याचें काम माझ्याकडे आलें. रोज सकाळीं काकांच्या बोटाला टोंचून आंकडा पाहावयाचा आणि तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगावयाचा. आंकडा १३० च्या आंत असला कीं सर्वांचे चेहरे प्रसन्न. १९० आला कीं आधीं क्षणभर शांतता, आणि मग उलटतपासणी. 'काल दुपारीं कोठें गेलां होतां?' 'देवळांत प्रसाद घेतलात का?' 'पेढा होता कीं साखरफुटाणे?' शाळेंतल्या प्रगतिपुस्तकासारखा तो आंकडा काकांच्या शीलाचा दाखला झाला. घरांतल्या सात वर्षांच्या नातवालाहि बजावून ठेवलें होतें, 'आजोबांनीं लाडवाचा डबा उघडला तर लगेच येऊन सांगायचं.' आजोबांवर पाळत ठेवणारा नातू! आज हें लिहितांना लाज वाटते. कांहीं महिन्यांनीं काका 'यंत्राच्या पट्ट्या संपल्या आहेत' असें सांगूं लागले. त्या संपलेल्या नव्हत्या. त्यांनींच त्या कपाटामागें टाकल्या होत्या, हें पुढें दिवाळीच्या साफसफाईंत उघडकीस आलें.

पुढचा प्रसंग आषाढी एकादशीचा. काकांनीं सकाळची गोळी नेहमीप्रमाणें घेतली आणि उपास धरला. ती गोळी स्वादुपिंडाकडून अधिक इन्शुलिन काढवून घेणाऱ्या जातीची होती. अशी गोळी पोटांत गेली आणि मागोमाग अन्न गेलें नाहीं, तर साखर खालीं उतरत जाते. ही साधी गोष्ट आम्हां पदवीधरांच्या घरांत एकालाहि ठाऊक नव्हती. दुपारीं चारच्या सुमारास काकू चहा घेऊन गेल्या, तों काका घामानें चिंब, हात कांपत आहेत, आणि विचारलें एक तर बोलतात भलतेंच. घरांत धांवपळ उडाली. साखरेचा डबा कडीकुलुपांत, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. तीहि घाईंत लागेना. शेवटीं देवापुढचा गूळ पाण्यांत कालवून पाजला. पंधरा-वीस मिनिटांनीं माणूस ताळ्यावर आला.

संध्याकाळीं डॉक्टर आले. त्यांच्यासमोर काकांनीं सांगितलें कीं, छातींत धडधडत आहे, हात कांपत आहेत, हें त्यांना अर्धा तास आधींपासून जाणवत होतें. 'मग हांक कां मारली नाहींत?' असें काकूंनीं विचारलें. काका म्हणाले, "साखर मागितली असती, तर तुम्ही सगळ्यांनी काय म्हटलं असतं?"

यावर कोणालाहि उत्तर सुचलें नाहीं.

डॉक्टरांनीं त्या रात्रीं जें शिकविलें, तें प्रत्येक घरांत माहीत असावें म्हणून येथें देतों. इन्शुलिन किंवा अशा जातीच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर ७० च्या खालीं गेली, तर ताबडतोब सुमारें १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यांतून द्यावी. १५ मिनिटांनीं पुन्हां मोजावें. अजून कमीच असेल तर पुन्हां तितकीच द्यावी. आणि नंतर कांहीं तरी खाऊं घालावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये, थेट रुग्णालय गांठावें. उपास करावयाचाच असेल, तर आधीं डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. आणि उपासाचें म्हणून जें आपण खातों, तें साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळें, तें बहुतेक सारें पिष्टच. मधुमेह्याच्या दृष्टीनें एकादशीचें ताट द्वादशीच्या ताटापेक्षां अधिक जड असतें. धर्मशास्त्राबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाहीं. साबुदाण्याबद्दल मात्र आतां थोडेंफार बोलूं शकतों.

त्या दिवसानंतर मी या विषयावर वाचूं लागलों. प्रथम हातीं आली ती सुश्रुतसंहिता. तींत या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक जन्मजात आणि दुसरा अपथ्यापासून होणारा. हें आजच्या वर्गीकरणाशीं ताडून पाहिलें असतां नवल वाटतें. उपचारांत असें सांगितलें आहे कीं, जो निर्धन आहे, ज्याला कोणी आप्त नाहींत, त्यानें वहाणा आणि छत्री न घेतां, भिक्षेवर राहून, एका गांवीं एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणें शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालत जावें. चालण्याचें महत्त्व तर आहेच. पण मीं अडखळलों तो 'आप्त नाहींत' या शब्दांपाशीं. ज्याला आप्त आहेत त्याला घर सोडून जाण्याचें कारण नाहीं, असें ग्रंथकाराच्या मनांत असावें असें मला वाटतें. आमच्या काकांना मात्र त्या दोन वर्षांत शंभर योजनें चालणें पुष्कळ सोपें वाटलें असतें!

इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें लागला, आणि ज्यांचें मरण ठरलेलें होतें अशीं मुलें जगूं लागलीं, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या मागचीपुढची कथा तितकीशी कोणी सांगत नाहीं. बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनीं १९१८ सालींच रोग्यांनीं स्वतः वाचावें म्हणून एक लहान पुस्तक लिहिलें होतें. रोग्याला शिकविणें हा उपचाराचाच भाग, अशी त्यांची धारणा. इंग्लंडांत डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्वतःच मधुमेही. इटलींत मृत्यूची वाट पाहत असतां १९२३ च्या मे महिन्यांत त्यांना लंडनहून इन्शुलिन मिळाल्याची तार आली, ते परतले, आणि वांचले. पुढें १९३४ सालीं त्यांनीं आणि कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं मधुमेह्यांची एक संस्था काढली. वेल्सनाहि हाच रोग होता. रोग्यांनींच रोग्यांना साहाय्य करावें, हा तिचा उद्देश. आपल्याकडे मुंबईंत १९५५ सालीं अशी संस्था निघाली. म्हणजे औषध सांपडल्यावरहि माणसाला माणूस लागतोच, हें जाणत्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें.

अलीकडच्या काळांत हें मोजूनहि पाहिलें गेलें आहे. अमेरिकेंत ३,२३४ माणसें घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. हीं माणसें अद्याप मधुमेही झालेलीं नव्हतीं, पण उंबरठ्यावर होतीं. ज्यांनीं आहार सुधारून वजन थोडें उतरविलें आणि आठवड्यास १५० मिनिटें चालण्यासारखा व्यायाम केला, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनीं. हे आंकडे सर्वत्र सांगितले जातात. त्यांत प्रत्येक माणसाला एक मार्गदर्शक नेमून दिला होता आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यानें समोर बसून सोळा धडे दिले होते, ही गोष्ट मात्र गाळली जाते. नुसता 'व्यायाम करा' असा कागद हातीं देऊन तें फळ मिळालेलें नाहीं.

केरळांतील प्रयोग मला त्याहून जवळचा वाटला. तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत मतदानकेंद्रांचे ६० विभाग निवडून १,००७ जणांना त्यांत घेतलें. अर्ध्या विभागांत गांवांतलींच साधीं माणसें शिकवून तयार केलीं, आणि त्यांनीं वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बैठका घेतल्या. कोठें एकत्र फिरावयास जाण्याचे गट निघाले, कोठें परसांत भाजी लावली गेली. निष्कर्ष २०१८ सालीं आला. दोन वर्षांनीं बैठकांच्या विभागांत १४.९ टक्के लोकांना मधुमेह झाला, इतर विभागांत १७.१ टक्के, हा फरक इतका लहान कीं तो योगायोगाचाहि असूं शकेल, असें संशोधकांनींच प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु बैठकांतल्या लोकांत भाज्या-फळें खाण्याचें प्रमाण वाढलें, दारू पिणाऱ्यांचें पिणें कमी झालें, आणि अंगांतली हालचालीची शक्ति सुधारली. शेजारधर्म हें कांहीं जादूचें औषध नव्हे, हें यावरून कळतें. आणि निरुपयोगीहि नव्हे, हेंहि कळतें.

आणि आमच्यासारख्या घरांचें काय? अमेरिकेंत नॅशव्हिल येथील दोन संशोधिकांनीं २०१२ सालीं मधुमेह्यांना त्यांच्या घरच्यांविषयीं विचारलें. टोंचून बोलणें, वाद घालणें, मोह पडेल असें समोर खाणें, अशा गोष्टी ज्यांच्या घरीं अधिक, त्यांची औषधें घेण्यांत हयगय अधिक. आणि हयगय करणाऱ्यांची साखर अधिक. कपाटामागच्या पट्ट्या मला तेथें आठवल्या.

आमच्या घरांत बदल झाला तो डॉक्टरांच्या एका वाक्यानें. काकूंनीं पथ्याचा तक्ता मागितला, तेव्हां ते म्हणाले, "निराळं ताट बंद करा. काकांचं ताट तुमच्यासारखं करूं नका. तुमचं ताट काकांसारखं करा." यावर माजघरांत जें रणकंदन झालें त्याचें वर्णन करीत नाहीं. 'एकासाठीं तेरांनीं कां?' हा प्रश्न तरुणांचा. 'नैवेद्याला गोड नसलं तर देवाला काय दाखवायचं?' हा आजींचा. धाकट्या काकांचें म्हणणें असें कीं, आपल्या घरांत एकहि माणूस लठ्ठ नाहीं, मग आपणांस भीति कसली? या शेवटच्या आक्षेपाचें उत्तर पुण्यांतच तयार होतें. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं एका इंग्रज सहकाऱ्याबरोबर स्वतःचेंच माप घेऊन तें २००४ सालीं प्रसिद्ध केलें होतें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण इंग्रजाच्या अंगांत चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगांत २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या हिंदी माणसाच्या पोटांत चरबी दडून बसलेली असते, ती अशी. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत मधुमेही १० कोटींहून अधिक, आणि उंबरठ्यावरचे आणखी १३ कोटींहून अधिक. तेरा माणसांच्या घरांत एकच मधुमेही आहे अशी समजूत करून घेणें हेंच धाडसाचें होतें.

तेव्हां ताट बदललें. एकदम नव्हे. चहांतली साखर सर्वांचीच दर पंधरवड्यास थोडी थोडी उतरत गेली. दोन महिन्यांनीं जुन्या मापाचा चहा कोणाला घशाखालीं जाईना. ताटांत कोशिंबीर आणि उसळ यांची जागा वाढली, भाताची मूद लहान झाली आणि पहिला वरणभात मागें सरून शेवटीं आला. बटाट्याची भाजी आठवड्यांतून एकदां. सणाला पुरणपोळी होते. पण काकांना तिचा चतकोर सर्वांबरोबर, पंगतींत, उघडपणें मिळतो. लपवून खाल्लेल्या अख्ख्या पोळीपेक्षां हा चतकोर त्यांना पुरतो, असें त्यांचेंच म्हणणें. नैवेद्याचा प्रश्न आजींनींच सोडविला: एकवीस मोदकांचे आकार सुपारीएवढे झाले. देवाची तक्रार आलेली नाहीं.

सर्वांत कठीण गेला तो आग्रह. पाहुण्यानें दोनदां 'नको' म्हटल्याशिवाय तें 'नको' समजूंच नये, हा आपला पिढीजात शिष्टाचार. आणि जिलबीचा तिसरा वाढा परतवून लावणाऱ्यास आपण पाहुणा नव्हे, शत्रु समजतों. लग्नकार्यांत काकांची खरी परीक्षा होई. 'एका जिलबीनं काय होतंय?' असें म्हणणारे गृहस्थ घरीं जातात; त्या एका जिलबीची झड काकांनाच सोसावी लागते. आतां आमच्या घरांत नियम असा कीं, विचारावें, पण एकदांच. बाहेरच्या पंगतींत मी काकांच्या शेजारीं बसतों आणि त्यांच्या वतीनें हात आडवा धरतों. मीं वाईटपणा घेतला कीं त्यांना तो घ्यावा लागत नाहीं.

फिरण्याविषयीं तर बोलावयासच नको. दोन वर्षें आम्ही सर्व जण त्यांना 'फिरून या' असें सांगत होतों आणि ते कोपऱ्यावरच्या बांकावर बसून परत येत होते. एके रात्रीं जेवणानंतर मीं चपला घातल्या आणि म्हणालों, "चला काका, जरा पाय मोकळे करूं." ते उठले. जेवणानंतरचें वीस मिनिटांचें चालणें साखरेला चांगलें, हें शास्त्र. पण काका चालतात तें, माझ्या समजुतीप्रमाणें, त्यांना त्यांच्या नोकरींतल्या जुन्या गोष्टी सांगावयास कोणी तरी मिळालें म्हणून. त्यांतल्या बहुतेक मला आतां पाठ झाल्या आहेत. आणि सकाळचा आंकडा काका स्वतःच पाहतात, वहींत लिहितात, आणि वाटलें तर सांगतात. आम्ही विचारीत नाहीं. यंत्र त्यांच्या खोलींत गेलें तेव्हांपासून पट्ट्या संपल्या नाहींत.

यामुळें काका बरे झाले, असें सांगून मला टाळ्या घ्यावयाच्या नाहींत. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा आंकडा ९.२ होता, तो वर्षभरांत ७.१ वर आला. पुढें एका तापाच्या दुखण्यांत पुन्हां चढला. आणि चार वर्षांपूर्वीं इन्शुलिन सुरू करावें लागलें. काकांना तो आपला पराभव वाटला. रोग जुना होतो तसें स्वादुपिंड थकतें, यांत कोणाचा दोष नाहीं, हें डॉक्टरांनीं त्यांना एकदां सांगितलें आणि आम्हीं अनेकदां. पायांची आग नाहीं, डोळे शाबूत आहेत, एवढ्यावर आम्ही समाधानी आहों.

एक गोष्ट राहिली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन वर्षांपूर्वीं घरांतील सर्व मोठ्या माणसांचें रक्त तपासून घेतलें. इतकीं वर्षें काकांचें सर्व पथ्यपाणी जिनें सांभाळलें, त्या काकूंची साखर वाढलेली निघाली. नवरा-बायकोंचें रक्ताचें नातें नसतें, तरी एकाला मधुमेह असला तर दुसऱ्यालाहि तो होण्याचा संभव सुमारें २६ टक्क्यांनीं अधिक असतो, असें कॅनडांतील एका विद्यापीठानें २०१४ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून दाखविलें होतें. एकच स्वयंपाकघर, एकच बैठक, एकच दिनक्रम. परंतु काकूंचा दिनक्रम एकच होता असें तरी कसें म्हणावें? सर्वांचें ताट बदललें तेव्हां त्यांचें बदललेंच नव्हतें. त्या सर्वांच्या मागून, अडीच वाजतां, पातेल्यांत उरलेला भात वायां जाऊं नये म्हणून तोच जेवत होत्या. कोशिंबीर तोंवर संपलेली असे. आम्हीं कोणीं तें पाहिलें नव्हतें, कारण त्या जेवतांना आम्ही तेथें नसूंच.

निदानानंतर त्यांनीं स्वतःसाठीं कांहींहि मागितलें नाहीं. गोळ्या त्या वेळेवर घेत. फिरावयास जा म्हटलें कीं हसत. एके दिवशीं मीं आग्रहच धरला, तेव्हां म्हणाल्या, "अरे, तुम्ही फिरायला जातां ती वेळ माझी ओटा आवरण्याची, आणि सकाळीं जावं तर कुकर कोण लावणार?"

हा प्रश्न माजघरांत आला. या वेळीं काकूंना आधीं बोलावून मध्यें बसविलें. बराच खल झाला. घरांतील पुरुष मंडळींना आपापल्या कार्यालयांच्या वेळा अकस्मात् आठवूं लागल्या. शेवटीं काकांनीं भिंतीवरचें कॅलेंडर उतरवून वारांपुढें नांवें लिहिलीं. रविवार त्यांनीं स्वतःकडे घेतला. काकू आतां सकाळीं साडेसहाला शेजारच्या दोघींबरोबर टेकडीवर जातात आणि दुपारीं बाराला सर्वांबरोबर पानावर बसतात. सोमवार आणि गुरुवार माझ्याकडे आहेत. डाळ बरी शिजते; भात कधीं गिचका होतो, कधीं फडफडीत राहतो, आणि काकू परत आल्या कीं झांकण उघडून पाहतात, पण कांहीं बोलत नाहींत.